डीएनएस की बोबाथ: आधी कोणतं शिकावं?

नागपुरात फिजिओथेरपीची पदवी घेतली की पुढचं प्रशिक्षण कोणतं, हा प्रश्न पडतोच. डीएनएस (डायनॅमिक न्यूरोमस्क्युलर स्टॅबिलायझेशन) आणि बोबाथ या दोन्ही उपचारपद्धतींना बाळाच्या हालचालींचा क्रम महत्त्वाचा वाटतो, पण त्याचा उपयोग वेगळा होतो.

डीएनएस प्रागचे फिजिओथेरपिस्ट पावेल कोलार्श यांनी मांडली, चेक मेंदूविकारतज्ज्ञ व्हाक्लाव्ह व्होयटांच्या कामाच्या आधारे. तिचा गाभा श्वास. श्वासपटल खाली येताना पोटात दाब तयार होतो आणि तो कण्याला पुढून आधार देतो. म्हणून व्यायाम सुरू होतो तो तीन महिन्यांचं बाळ उताणं पडून पाय वर धरतं त्या स्थितीपासून. पुढे कुशीवर, मग रांगण्याच्या पवित्र्यात. धंतोलीत कंबरदुखी घेऊन येणाऱ्या बँकवाल्यापासून वेगवान गोलंदाजापर्यंत सगळ्यांकडून हे करवून घेता येतं. प्रशिक्षणाचे टप्पे लहान, काही दिवसांचे, त्यामुळे नोकरी सांभाळून जमतं.

बर्टा आणि कारेल बोबाथ यांची पद्धत लंडनमध्ये, १९४० च्या दशकात सुरू झाली. मुख्यतः सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम झालेली) मुलं आणि पक्षाघाताचे रुग्ण यांच्यासाठी. लहान मुलांचा मूळ कोर्स कित्येक आठवड्यांचा. त्यात थेरपिस्टचा हात मात्र फार छान तयार होतो. पण थेरपिस्टनेच हालचाल करवायची, या जुन्या रूपाला २०१३ च्या मोठ्या आढाव्यात पुराव्याचं बळ मिळालं नाही.

गडचिरोलीहून मूल घेऊन येणारी आई रोज येऊ शकत नाही. तिला घरी करता येईल असंच शिकवायला हवं. बालविभागात काम असेल तर बोबाथ घ्या, पण मुलाने स्वतः करायच्या कृतीवर भर देणाऱ्या शिक्षकाकडून. बाकीच्यांनी, माझ्या मते, डीएनएस आधी.