हवा भरायचं बॅटरीवालं मशीन: घ्या, पण दुसऱ्याच्या गाडीसाठी

कंपनीचं नाव देत नाही. याच अंगाची, याच बटणांची मशीनं वेगवेगळ्या नावांचे स्टिकर लावून विकली जातात. मुठीत धरता येईल एवढं, टाइप-सी पिनेनं चार्ज होणारं, टायरमध्ये हवा भरायचं मशीन. ऑनलाइन अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतं.

मी ठिबकचं सामान विकतो. मंगळवेढा, सांगोला, पंढरपूर, मोहोळ हा माझा पट्टा, त्यामुळं निम्मा दिवस गाडीतच जातो. माझ्या स्वतःच्या गाडीला या मशीनची गरज क्वचितच पडते, स्टेपनी आहे, जॅक आहे. ते चालतं ते रस्त्यात भेटणाऱ्यांसाठी, म्हणून लिहितोही त्याच बाजूनं. आमचं घर माळकरी. वारीत समोरच्याला माउली म्हणून वाकायचं, तोही आपल्यापुढं वाकतो, नावगाव कुणी विचारत नाही. आषाढी झाली म्हणून ते संपलं, असं वडील मानायचे नाहीत. गाडी ढकलत चाललेला माणूस दिसला की त्यांचा पाय ब्रेकवर जायचा. तीच खोड मला. "तालुक्यातली सगळी पंक्चरं तुमच्याच नावावर लिहिलीत का?" हे आमच्या मंडळींचं म्हणणं.

आधी माझ्याकडं लायटरच्या सॉकेटमध्ये वायर लावून चालणारा पंप होता. स्वस्त, दणकट, चार्जिंगची कटकट नाही. फक्त स्वतःसाठी हवा असेल तर आजही तोच घ्या म्हणेन. पण परक्यासाठी थांबायचं तर वायर आडवी येते. आपली गाडी त्याच्या गाडीला खेटून लावावी लागते. दिवस मावळलेला, रस्त्याला चिटपाखरू नाही, एकटी बाई स्कूटरजवळ उभी, आणि कोण कुठला माणूस चारचाकी आणून तिच्या अंगाशी लावतो. तिनं घाबरू नये तर काय करावं?

हे मशीन हातात देता येतं, इथंच त्याचे पैसे वसूल. मी गाडी थोडी पुढं लावतो, आतला दिवा चालू ठेवतो. मशीन नेऊन स्कूटरच्या पायदानावर ठेवतो. "ताई, नळी वॉल्व्हला फिरवून बसवा, हे बटण दाबा, आकडा आला की आपोआप बंद होतंय," एवढं सांगून माझ्या गाडीपाशी परत येतो. बहुतेकींनी फोन कानाला लावलेला असतो, कुणाला तरी माझ्या गाडीचा नंबर सांगत असतात. सांगावाच. थांबणाऱ्याची दहा मिनिटं जातात, विश्वास टाकावा लागतो तो अडकलेल्याला.

आता कामाचं. दुचाकीचं चाक दोन-तीन मिनिटांत भरतं. मोटारीचं चाक वीस पीएसआयवरून (हे हवेच्या दाबाचं माप) तेहतीसवर न्यायला चार-पाच मिनिटं लागतात, पार बसलेलं असेल तर जास्त. एका चार्जमध्ये मोटारीची बसलेली दोन चाकं धरून चाला. जाहिरातीतली चार विसरा. आवाज भयंकर, पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा. नळीच्या टोकाचं पितळ चांगलंच तापतं, पहिल्यांदा वापरणारा हमखास बोट भाजून घेतो, तेव्हा फडकं सोबत द्या. नळी काढताना थोडी हवा फुस्स होते, म्हणून आकडा दोननं वाढवून लावायचा. किती हवा भरायची ते मोटारीच्या दारापाशी चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. हे पाच वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही दाखवावं लागतं, हे एक नवलच. सोबतचा छोटा पितळी जोड फेकू नका, शाळेच्या पोरांच्या साध्या सायकलींना तोच लागतो.

मशीन पंक्चर काढत नाही, हेही सांगायला हवं, कारण लोकांचा तसा समज असतो. ट्यूबलेस असेल तर दोन-तीनशेचा किट वेगळा ठेवा: टोच्या, कानस, स्ट्रिपा, पक्कड. खिळा काढायचा, भोकात कानस फिरवायची, स्ट्रिप टोच्यात ओवून अर्धी आत ढकलायची, टोच्या झटक्यात ओढायचा, बाहेरचं टोक कापायचं. ट्यूबचा टायर असेल तर हवा भरून पंक्चरवाल्यापर्यंत पोचवणं एवढंच आपल्या हातात. तीन-चार किलोमीटर ढकलणं वाचलं तरी माणूस हरखतो. पैसे काढतात, मी घेत नाही. सांगोल्याच्या बाजूला डाळिंबं काढतात, ती घेतो.

मर्यादा मोठी आहे. डब्यावर १५० पीएसआय छापलंय म्हणून ट्रकच्या टायरला लावायला जाऊ नका, एवढी हवा कोंबायचा दम त्या बॅटरीत नाही. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यात अडकतात, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. तिथं हे मशीन शून्य कामाचं. तिथं उपयोगी पडतो तो लाल चमकणारा त्रिकोण, ट्रॉलीच्या मागं पन्नासेक मीटरवर उभा करायचा. म्हणून माझ्या मते खरेदीचा क्रम असा: आधी दुसरा त्रिकोण (आपल्या गाडीचा एक असतोच, हा देऊन टाकायचा), मग किट, मग मशीन.

आणि अपघात असेल तर यातलं काहीच नको, १०८ लावा. "पोलिसांचं झंगट नको" म्हणून पुढं जाणारे भले लोक मी पाहिलेत. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचीही नाही. दवाखान्यात पोचवून घरी जाता येतं.

एक तक्रार राहिली. लिथियम बॅटरी आहे, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ती ठेवणं बरं नाही, म्हणून रोज काढून घरात न्यावी लागते. नेमकी ज्या दिवशी घरी राहते त्या दिवशी कुणीतरी रस्त्यात भेटतंच. याचा एक तारा कापतो. पाचपैकी चार.