बेसी कोलमन की अमेलिया इअरहार्ट?

महिला वैमानिकावर पाच मिनिटं बोलायचंय, दोघींपैकी कोणाला निवडू, असं भाचीने विचारलं. प्रसिद्धीचं वलय बाजूला ठेवूनच सांगतो.

माहिती अमेलियावर ढीगभर. १९३२मध्ये तिने एकटीने अटलांटिक ओलांडला, १९३७मध्ये पॅसिफिकवर ती बेपत्ता झाली. पण भाषण त्या गूढातच अडकतं आणि अफवा गाळता गाळता वेळ संपतो.

वाट खडतर होती ती बेसीची. टेक्सासमध्ये कापूस वेचणारी कृष्णवर्णीय मुलगी. अमेरिकेत कुणी विमान शिकवेना, म्हणून शिकागोत मॅनिक्युअरचं काम करत फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१मध्ये परवाना मिळवला. प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळ्या दारांनी आत सोडणार असतील, तर विमानाच्या कसरती दाखवायला ती साफ नकार द्यायची! १९२६मध्ये सरावाच्या उड्डाणात विमानातून फेकली जाऊन ती गेली. स्वतःची उड्डाणशाळा काढायची राहिलीच.

वारशात अमेलियाचं पारडं जड: ती महिला वैमानिकांच्या ज्या ‘नाइन्टी-नाइन्स’ संघटनेची पहिली अध्यक्ष होती, ती आजही चालू आहे. बेसीच्या नावाने पुढे लॉस एंजेलिसमध्ये विमानोड्डाणाचा क्लब निघाला.

नकाशा आणि विक्रम दाखवायचे असतील तर अमेलिया घे. वर्गाला न ऐकलेलं काही सांगायचं असेल तर बेसी. मी असतो तर बेसीच.