वेबसाइट की व्हॉट्सॲप कॅटलॉग?

मावसबहीण घरी मेतकूट, भाजणी करून विकते. गिऱ्हाईक हल्ली सगळं मोबाइलवरच बघतं, मग वेबसाइट काढू का, असं विचारत होती.

खर्चात व्हॉट्सॲप बिझनेस सरळ जिंकतं: ॲप फुकट, कॅटलॉगमध्ये, म्हणजे फोटो-किमतींच्या यादीत, 500 वस्तू बसतात. वेबसाइटला डोमेन-होस्टिंगचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे आणि जागेचे, पैसे दरवर्षी.

मेहनतीत मात्र फुकटचं महाग पडतं. ‘ताई, अर्धा किलो कितीला?’ याला रात्री अकरालाही उत्तर द्या. एकच निरोप सगळ्यांना धाडायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण, तेही तुमचा नंबर सेव्ह केलेलेच. वेबसाइटवर वजन, पिनकोड, यूपीआय गिऱ्हाईक स्वतःच उरकतं. फक्त पान पटकन उघडायला हवं.

गूगलवर ‘उपवासाची भाजणी’ शोधणाऱ्याला कॅटलॉग सहसा दिसत नाही.

ओळखीतल्याच ऑर्डरी असतील तर कॅटलॉग पुरे. परगावची कुरिअरं वाढली की वेबसाइट.