इस्तंबूलला लोकुम घेताना: काट्यावरची फसवणूक

सुट्टीत नागपूरहून तुर्कीला जाणारी कुटुंबं मिठाईत फसतात ती बहुधा इस्तंबूलच्या एमिनोन्यू भागातल्या मसाला बाजारात. चहाचा पेला येतो, मुलांच्या हातावर लोकुमची, म्हणजे 'टर्किश डिलाइट' या मऊ तुर्की मिठाईची, डाळिंबाची नाहीतर पिस्त्याची वडी पडते. हे चाखणं खरोखर फुकट असतं. पण चौघांनी खाल्लं, आता रिकाम्या हाताने कसं निघायचं, अशी आपल्याला भीड पडते. विकणाऱ्याला ती लगेच कळते.

"कारिशिक?" तो विचारतो. म्हणजे मिसळून देऊ का? हो म्हटलं की निवड त्याची. साधी गुलाबाची वडी ट्रेमध्येच राहते आणि डब्यात पडतात पिस्त्यात घोळवलेल्या रोलचे जाड काप, दुकानातले सगळ्यात महाग. तुम्ही तिसरी चव घेईस्तोवर किलोभर माल भरलेला असतो. त्यात पाटीवरचा भाव. समजा १५० लिरा लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात १०० ग्रॅम. आपण किलोचा धरतो, बिल होतं १५००.

म्हणून आधी भाव किलोचा की शंभर ग्रॅमचा ते विचारा, मग प्रकार बोटाने दाखवा आणि वजन सांगा: २५० ग्रॅम, जास्त नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात पेढे घेताना डबा वगळून तोलायला लावतो तसंच इथेही लावा. रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा. तिकडे याला 'दारा' म्हणतात, आपल्याकडे धडा करणं.

बकलावा, म्हणजे पातळ पापुद्र्यांची, सुकामेवा भरलेली पाकातली मिठाई, तिचं वेगळं. पाक तळाशी साचलेला असेल तर तुम्ही साखरेच्या पाण्याचे पैसे देताय. पिस्त्याची पूड एकसारखी गर्द हिरवी दिसली तर वाटाणा मिसळल्याचा संशय घ्या. खऱ्या पिस्त्यात जांभळट सालीचे कण दिसतात. शाकाहारी असाल तर लोकुम निशास्त्याचं, म्हणजे स्टार्चचं आहे ना, हे नक्की विचारा. अस्सल लोकुम त्याचंच असतं, स्वस्त मालात जिलेटिन असू शकतं.

कार्डाच्या मशीनवर रुपये की लिरा असं आलं तर लिराच निवडा, रुपयांचा दर जवळजवळ नेहमी महाग पडतो. आणि थांबवायचं असेल तर डबा व्हॅक्यूम पिशवीत जायच्या आत थांबवा. हवा काढून पिशवी सील झाली की माल परत घेत नाही म्हणतात. काट्यावरचा आकडा मोठा दिसला तर तिथेच अर्धा माल काढायला लावा, चहा प्यायलेला असला तरी.