अब्रुनुकसानीची नोटीस आली: रिव्ह्यू काढायचा, सुधारायचा की तसाच ठेवायचा?

सप्लिमेंटबद्दल (प्रोटीन पावडरसारख्या पूरक आहाराबद्दल) वाईट लिहिलं म्हणून वकिलाची नोटीस आली की बहुतेकांची नजर आधी नुकसानभरपाईच्या आकड्यावर जाते आणि तिथेच घशाला कोरड पडते. पण नोटिशीत कितीही शून्यं लिहिता येतात, त्याला खर्च येत नाही. आधी बघायचं ते वेगळंच: हे वकिलाचं पत्र आहे की कोर्टाचं समन्स? पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून कोणी दावा हरत नाही. समन्स मात्र कोनाड्यात ठेवलं, तर तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमची बाजू न ऐकताच निकाल, होऊ शकतो. समन्स आलं असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी वकील गाठा. पत्र असेल तर विचार करायला वेळ आहे, त्यात ‘७ दिवसांत बिनशर्त माफी’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं असलं तरी.

मग स्वतःचा रिव्ह्यू परक्याने लिहिलाय असं समजून वाचा. समजा तो असा आहे: ‘पावडरच्या पाण्यात गुठळ्या होतात. तिसऱ्या दिवसापासून पोट बिघडलं, बंद केल्यावर दोन दिवसांत थांबलं. डब्याचं आतलं सील आधीच सुटलेलं होतं. हे लोक स्टिरॉइड मिसळतात, लांब राहा.’

चार वाक्यं, आणि चौघांची जात वेगळी. पहिलं वापरणाऱ्याचं निरीक्षण. दुसरं अनुभव, त्यात काय झालं आणि कधी झालं एवढंच आहे, ‘यानेच झालं’ असं म्हटलेलं नाही. तिसरं वस्तुस्थितीचं विधान, फोटो असेल तर पक्कं. चौथा थेट आरोप, आणि त्याला हातात पुरावा शून्य. नोटिशीत शब्दशः उतरवलेलं असतं ते बहुधा हे चौथं वाक्य. मागणी मात्र असते सगळा रिव्ह्यू काढण्याची. या दोन गोष्टींमधलं अंतर दिसलं की निर्णय निम्मा सोपा होतो.

काढून टाकणं

सगळ्यात स्वस्त, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रिव्ह्यूचा कणाच ते चौथं वाक्य असेल, पुरावा नसेल, वकिलाचा खर्च झेपणार नसेल, तर काढा. फक्त दोन गैरसमज मनातून काढून टाका. एक, पोस्ट उडवली की प्रकरण मिटलं असं नाही. जेवढे दिवस ती होती तेवढ्या दिवसांबद्दल दावा करता येतो. भारतात आणि इंग्लंडमध्ये अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष आहे. म्हणून काढण्याच्या बदल्यात ‘याबाबत पुढे कोणतीही कारवाई करणार नाही’ असं लेखी घ्या. दोन, सोबत आलेल्या माफीनाम्याच्या मसुद्यावर सही करणं आणि पोस्ट काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तो मसुदा त्यांच्या वकिलाने लिहिलेला असतो. ‘मी जाणूनबुजून खोटं लिहिलं’ अशी ओळ त्यात बसवलेली असेल तर ती उद्या तुमच्याच विरुद्ध वाचली जाईल.

आणि काहीही करण्याआधी, अगदी काढायचं ठरलं असलं तरी, तारीख आणि पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. डबा, पावती, बॅच नंबर फेकू नका.

सुधारणं

माझं मत विचाराल तर दहातल्या सात-आठ प्रकरणांत हाच मार्ग बरा. तरीही लोक तो टाळतात, कारण सुधारणं म्हणजे हार मानणं असं वाटतं. उलट, कच्चा दुवा काढला की उरलेल्या तीन वाक्यांवर हल्ला करणं कंपनीला अवघड होतं.

पण सुधारणा म्हणजे आरोपाच्या आधी ‘माझ्या मते’ चिकटवणं नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मिल्कोविच खटल्यात हेच सांगितलं: ‘माझ्या मते अमुक माणूस खोटारडा आहे’ या वाक्याआडही वस्तुस्थितीचा दावा असतो, आणि तो खोटा निघू शकतो. इंग्लंडचा २०१३ चा अब्रुनुकसानीचा कायदा प्रामाणिक मताला संरक्षण देतो, पण ते मत कशावर आधारलंय हे निदान ढोबळपणे विधानातच दिसायला हवं. म्हणजे ‘फालतू प्रॉडक्ट’ असं नुसतं लिहिण्यापेक्षा ‘सहा आठवडे घेतलं, वजनात फरक नाही, गुठळ्या होतात, माझ्या लेखी पैसे वाया’ हे कितीतरी सुरक्षित. आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाचंही तेच.

लॅब रिपोर्ट हातात असेल तर आणखी जपून. प्रोटीन मोजण्याची जुनी पद्धत नमुन्यातला नायट्रोजन मोजते आणि त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणते. ग्लायसीन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि आकडा फुगतो. तेव्हा लेबलवर २४ ग्रॅम आहे आणि रिपोर्टमध्येही ‘२४ ग्रॅम’ आलं म्हणून माल चोख ठरत नाही, आणि ‘१८’ आलं म्हणून कंपनीने मुद्दाम फसवलं हेही सिद्ध होत नाही. रिपोर्टच्या तळाशी बहुतेक वेळा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरते आहेत. तुमचं वाक्यही तेवढ्याच मापाचं हवं: या बॅचच्या या डब्यात, या तारखेच्या तपासणीत, एवढं आढळलं. ‘हे सगळीकडे असंच करतात’ हे वाक्य तो कागद पेलू शकत नाही.

बदल केला की तारीख टाकून तसं लिहा, गुपचूप करू नका. आणि मजकूर मुळापासून बदलू नका. फारच वेगळा झाला तर ते नवं प्रकाशन धरलं जाऊन मुदतीचं घड्याळ पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो.

तसाच ठेवणं

पुरावा भक्कम असेल तर इथे उभं राहता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये व्हे प्रोटीनवर टीका करणारे व्हिडिओ काढायला लावणारा अंतरिम मनाई हुकूम द्यायला नकार दिला. त्या व्हिडिओंमागे प्रयोगशाळेचे अहवाल होते, हे तिथे निर्णायक ठरलं. त्याआधी मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या एका लेखाच्या प्रकरणात, पूर्ण सुनावणीआधीच मजकूर बंद करण्याचे हुकूम सहजासहजी देऊ नयेत असं बजावलं होतं.

अमेरिकेतलं उदाहरण मात्र दोन्ही बाजूंनी शिकवतं. पीटर कोहेन या डॉक्टर-संशोधकाने सहकाऱ्यांसोबत २१ सप्लिमेंट तपासली. त्यांतल्या ११ मध्ये बीएमपीईए हे अ‍ॅम्फेटामिनच्या जातकुळीतलं, लेबलवर नसलेलं उत्तेजक सापडलं. लेख २०१५ मध्ये आला, आणि हाय-टेक फार्मास्युटिकल्सने २० कोटी डॉलरचा दावा ठोकला. २०१६ मध्ये बोस्टनच्या ज्यूरीने कोहेन यांच्या बाजूने कौल दिला. जिंकले खरे, पण ज्यूरीसमोर उभं राहावं लागलंच. त्यांच्याकडे शास्त्रीय नियतकालिकातला लेख होता. तुमच्याकडे काय आहे ते आधी मोजा.

कोणत्या देशाचा कायदा लागू होतो यावर धैर्याची किंमत बदलते. कॅलिफोर्नियात १९९२ पासून टीकाकाराला गप्प करण्यासाठी ठोकलेल्या दडपशाहीच्या दाव्यांना लवकर फेटाळून लावण्याची सोय आहे, आणि त्या अर्जात हरलेल्या कंपनीला समोरच्याच्या वकिलाची फी भरावी लागते. अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात तसं नाही. इंग्लंडमध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला गंभीर आर्थिक नुकसान दाखवावं लागतं. भारतात दिवाणीसोबत फौजदारी बाजूही आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. शिवाय फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. सप्लिमेंटच्या बाबतीत हे दाखवणं तुलनेने सोपं.

कधीकधी कंपनी अब्रूचा विषयच काढत नाही. ‘तुम्ही आमच्या लेबलचा फोटो वापरलात’ म्हणून कॉपीराइटची तक्रार टाकते, कारण त्यावर प्लॅटफॉर्म पटकन मजकूर उतरवतात. अशा तक्रारीला अमेरिकी कायद्यात प्रतिनोटिशीची, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं प्लॅटफॉर्मला लेखी कळवण्याची, सोय आहे. आणि काही कंपन्या मुळातच खरेदीच्या अटींत ‘वाईट लिहिणार नाही’ असं कलम घुसवतात. वजन घटवण्याची पावडर विकणाऱ्या रोका लॅब्सने तेच केलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०१५ मध्ये तिला कोर्टात खेचलं आणि २०१८ मध्ये कोर्टाने कमिशनच्या बाजूने निकाल दिला. मधल्या काळात, २०१६ च्या डिसेंबरमध्ये, ग्राहकांवर लादलेल्या करारातली अशी कलमं रद्दबातल ठरवणारा कायदाच तिथे झाला. खोट्या आरोपाला मात्र त्या कायद्याचंही कवच नाही.

एक चौथी वाट या तिन्हींसोबत चालते: नियामकाकडे, म्हणजे अशा मालावर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, तक्रार. सद्भावनेने, योग्य अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीला भारतीय कायद्यात अब्रुनुकसानीतून वेगळा अपवाद आहे. त्या चौथ्या वाक्यातला स्टिरॉइडचा संशय खरंच छळत असेल तर त्याची जागा तिथे, न वापरलेली पावडर आणि बॅच नंबरसकट. रिव्ह्यूत त्या जागी एवढंच पुरे: ‘सील सुटल्याचा फोटो जोडला आहे. अमुक तारखेला संबंधित यंत्रणेकडे तक्रार दिली. आधीच्या मजकुरातलं एक वाक्य काढलं आहे.’