सैन्यातली नोंद आधी मागवावी की पेन्शनची फाईल? स्थलांतरित पूर्वजाचा माग काढणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता जर्मन, आयरिश, नॉर्वेजियन वंशाचे जावई आणि सुना आहेत. नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला की आपल्या बाजूचं काम आत्याला किंवा काकांना फोन करून भागतं. दुसरी बाजू मात्र एका वाक्यापाशी येऊन थांबते: "खापरपणजोबा युरोपातून आले आणि यादवी युद्धात लढले, म्हणे." नाव ठाऊक असतं, कधी एखादा फोटो असतो, पण मूळ गाव कुठलं ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं हे युद्ध आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेतला कापूस अडकला म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरचा उन्माद चढला आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. त्याच चार वर्षांत उत्तरेच्या फौजेत साधारण दर चार शिपायांमागे एक जण परदेशात जन्मलेला होता. सर्वांत जास्त जर्मन, त्यांच्या खालोखाल आयरिश. म्हणजे तुमच्या जावयांच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट खरी असण्याची शक्यता चांगली आहे.

ती पडताळायची तर वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून दोन प्रकारच्या फायली मागवता येतात. एक सैन्यातल्या सेवेची, दुसरी पेन्शनची. सेवेच्या फाईलला तीसेक डॉलर लागतात, पेन्शनच्या संपूर्ण फाईलला ऐंशीच्या आसपास, आणि पानं शंभराच्या वर गेली तर वरच्या पानांचे वेगळे. दर बदलत असतात, तेव्हा मागवण्याआधी बघून घ्या. स्वस्त म्हणून बहुतेक जण आधी सेवेची फाईल मागवतात. पूर्वज स्थलांतरित असेल तर मी उलटं सांगेन: आधी पेन्शनची फाईल मागवा. काही परिस्थितींत मात्र हा सल्ला लागू होत नाही, त्याही पुढे सांगते.

सेवेच्या फाईलमध्ये नेमकं काय येतं ते आधी पाहू. हे कागद युद्धाच्या वेळचे नाहीत. युद्ध संपल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी पेन्शनच्या अर्जांचा ढीग उपसता येईना, म्हणून युद्ध खात्याच्या कारकुनांनी पलटणींचे हजेरीपट, इस्पितळांच्या याद्या, कैद्यांच्या याद्या समोर ठेवून प्रत्येक शिपायाच्या नावाची छोटी छोटी कार्डं केली आणि ती एकेका पाकिटात घातली. त्यामुळे हातात पडतात ती कार्डं: अमुक दोन महिने हजर, तमुक दोन महिने गैरहजर, इस्पितळात, कैदेत. सेवेतून मोकळं करतानाच्या कार्डावर शेवटचा पगार कधी झाला, कपड्यांच्या खात्यात किती निघतं, हरवलेल्या सामानाचे किती कापायचे, भरतीच्या बक्षिसाचे किती डॉलर दिले आणि किती देणं आहे, हे सगळं असतं. सरकारी नोकरीतल्या सेवापुस्तकाची ज्यांना सवय आहे त्यांना ही भाषा लगेच ओळखीची वाटेल.

वर्णनाच्या कार्डावर उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, वय, धंदा आणि जन्मस्थान असतं. इथेच स्थलांतरिताचं घोडं अडतं. जन्मस्थानाच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसतं "आयर्लंड", "प्रशिया", "नॉर्वे" एवढंच लिहिलेलं सापडतं. नशीब जोरावर असेल तर परगण्याचं नाव निघतं. गाव क्वचितच. भरती करून घेणाऱ्याला त्या माणसाचं गाव जाणून घेण्याचं काही कारणच नव्हतं.

पेन्शन खात्याला मात्र कारण होतं. पैसे द्यायचे म्हटल्यावर सरकार खोदून खोदून विचारतं, आणि वंशावळ शोधणाऱ्याचं भलं होतं ते त्यातूनच.

१४ जुलै १८६२ च्या कायद्याने लढाईत जायबंदी झालेल्या शिपायाला, मेलेल्याच्या विधवेला, अनाथ मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला पेन्शन मिळू लागली. साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्वाचे महिना आठ डॉलर. १८९० च्या कायद्याने दार मोठं उघडलं: नव्वद दिवस सेवा झाली असेल आणि माणूस अंगमेहनतीला असमर्थ असेल, तर दुखणं युद्धातलं आहे हे सिद्ध करायची गरज उरली नाही. १९०७ पासून नुसत्या वयावर पेन्शन: ६२ व्या वर्षी १२ डॉलर, ७० ला १५, ७५ ला २०. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेन्शनरांची संख्या दहा लाखांच्या घरात होती. जिवंत परत आलेला आणि म्हातारपण पाहिलेला शिपाई असेल, तर त्याची फाईल असण्याची शक्यता फार मोठी.

वयावर पेन्शन द्यायची म्हणजे वयाचा पुरावा हवा. अमेरिकेत जन्मलेला माणूस घरच्या बायबलमधलं पान दाखवायचा. जर्मनीतल्या बव्हेरियातून किंवा आयर्लंडच्या काउंटी कॉर्कमधून आलेल्याला गावाकडच्या चर्चला पत्र लिहून बाप्तिस्म्याचा दाखला मागवावा लागे. तो दाखला, पाद्र्याच्या सहीशिक्क्यासकट आणि भाषांतर जोडून, फाईलमध्ये पडून असतो. गावाचं नाव, आईबापांची नावं, जन्मतारीख, सगळं एका कागदावर. अर्थात प्रत्येक फाईलमध्ये तो निघेलच असं नाही. पण निघाला तर अनेक पिढ्यांचा प्रश्न एका फटक्यात सुटतो.

वयाबद्दल एक सावधगिरी बाळगा. सोळा वर्षांचा पोरगा भरतीच्या वेळी अठरा सांगायचा, आणि तोच म्हातारपणी पेन्शनसाठी आणखी दोन वर्षं वाढवायचा. दोन्ही फायलींतलं वय जुळलं नाही म्हणून माणूस वेगळा समजू नका.

दुसरा खजिना म्हणजे १८९८ सालची एक छापील प्रश्नावली. पेन्शन खात्याने ती पेन्शनरांना पाठवली होती. पाचच प्रश्न. तुमचं लग्न झालं आहे का, बायकोचं पूर्ण नाव आणि माहेरचं नाव काय? लग्न कधी, कुठे, कुणी लावलं? लग्नाची नोंद कुठे आहे? आधी लग्न झालं होतं का, त्या बायकोचं नाव काय, ती कधी आणि कुठे वारली किंवा घटस्फोट कधी झाला? हयात मुलं किती, त्यांची नावं आणि जन्मतारखा काय? बरेचदा उत्तरं खुद्द म्हाताऱ्या शिपायाच्या थरथरत्या अक्षरात असतात, त्याच्या स्वतःच्या स्पेलिंगमध्ये. १९१५ साली पुन्हा तशीच प्रश्नावली निघाली आणि तिच्यात जन्मठिकाणही विचारलं होतं. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली, त्यामुळे १८८० आणि १९०० च्या मधल्या वीस वर्षांची कुटुंबाची माहिती अनेकदा फक्त या कागदांवरच उरली आहे.

अर्जात संशयाला जागा असेल तर खास तपासनीस गावात येऊन जबान्या घ्यायचा. शेजारी, पलटणीतले सोबती, सुईण, पाद्री. "मी याला जहाजावरून उतरल्यापासून ओळखतो," असं सांगणारा साक्षीदार भेटला तर त्याचं मूळ गावही शोधा, कारण माणसं आपल्या गाववाल्यांबरोबरच यायची आणि त्यांच्याबरोबरच भरती व्हायची. नाव बदललेल्यांच्या फायली तर विशेष जाड असतात. घरात एक नाव, पलटणीत दुसरं, आणि दोन्ही माणसं एकच हे सिद्ध करायला कागदावर कागद.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त हलवतात त्या आयांच्या फायली. अविवाहित मुलगा लढाईत मेला तर आईला पेन्शन मागता येई, पण मुलगा आपल्याला पोसत होता हे तिने सिद्ध करायचं. कित्येक आयांपाशी पुरावा म्हणून एकच गोष्ट होती: छावणीतून आलेली त्याची पत्रं. "या पगारातले वीस डॉलर पाठवत आहे" या एका ओळीसाठी आईने मुलाचं अस्सल पत्र सरकारजमा केलं, आणि ते आजही फाईलला जोडलेलं आहे. म्हणून तरुणपणी मेलेल्या शिपायाचीही पेन्शन फाईल नसणारच असं धरून चालू नका. आईच्या नावाने शोधा, मग ती आयर्लंडमध्येच राहिली असली तरी.

आयरिश पूर्वजाच्या बाबतीत तर मी पेन्शनच्या फाईलवर जास्तच भर देईन. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातल्या आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद जळाले. जे तिकडे मिळत नाही ते कधीकधी वॉशिंग्टनच्या फाईलमध्ये मिळतं.

सेवेची फाईल आधी मागवावी अशी परिस्थितीही असते. एक, सारख्या नावांचा गोंधळ. पंधरावी विस्कॉन्सिन रेजिमेंट स्कँडिनेव्हियन लोकांची, कर्नल हान्स क्रिस्तियन हेग यांच्या हाताखालची. बापाच्या नावापुढे "सेन" लावून आडनाव करणाऱ्या नॉर्वेजियनांत एकाच पलटणीत एकाच नावाचे कितीतरी जण असतात. न्यूयॉर्कच्या आयरिश पलटणींत मर्फी आणि केली यांचंही तसंच. तिथे वय, उंची आणि धंदा पाहून आपला माणूस आधी वेगळा काढावा लागतो. दोन, पलटणीतून पळून गेलेला आणि तो शिक्का कधीच पुसला न गेलेला शिपाई. त्याला पेन्शन नाही. तीन, दक्षिणेकडून लढलेला. त्याला केंद्र सरकारची पेन्शन नव्हतीच. दक्षिणेतल्या राज्यांनी पुढे स्वतःच्या पेन्शनी दिल्या आणि ते कागद त्या त्या राज्याच्या दफ्तरखान्यात आहेत. आणि चौथी गोष्ट, तुमचा प्रश्नच वेगळा असेल. तो कुठून आला यापेक्षा तो कुठे लढला, दक्षिणेच्या अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या तुरुंगात होता का, हे हवं असेल तर सेवेच्या फाईललाच हात घाला.

नागरिकत्वाच्या कागदांवरही काही जण आशा लावून बसतात. १८६२ च्याच दुसऱ्या एका कायद्यातल्या कलमाने सन्मानाने सेवामुक्त झालेल्या परदेशी शिपायाला एका वर्षाच्या वास्तव्यावर, नागरिक व्हायचा इरादा आहे असं पत्र आधी न देताही, नागरिक होता येत होतं. कागद मिळाला तर अभिमानाने फ्रेम करावा असा. पण १९०६ पूर्वी कुठल्याही न्यायालयात हे काम होई, आणि त्यात बहुधा "प्रशियाच्या राजाशी निष्ठा सोडली" एवढंच असतं. गाव शोधायला तो फारसा उपयोगी नाही. जहाजांच्या अमेरिकेतल्या याद्यांतही त्या काळी देशाच्या पलीकडे क्वचित काही असतं. अपवाद हॅम्बुर्ग बंदराचा: तिथल्या १८५० पासूनच्या याद्यांत प्रवाशाचं गाव लिहिलेलं असतं. पूर्वज हॅम्बुर्गहून निघाला असेल तर एकही डॉलर खर्च करण्याआधी त्या चाळा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी फुकट होतात. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या शिपाई-खलाशी सूचीत नाव घालून रेजिमेंट शोधा, स्पेलिंग मुद्दाम चुकवूनही. १९१० च्या जनगणनेत एक रकाना खास यादवी युद्धातल्या हयात सैनिकांसाठी होता, त्यात "यूए" म्हणजे उत्तरेची फौज. त्याच पानावर अमेरिकेत आल्याचं सालही असतं. मग फॅमिलीसर्च या वंशावळीच्या फुकट संकेतस्थळावर खातं उघडून पेन्शनची सूचीकार्डं पाहा. एका कार्डावर शिपायाचं नाव, कंपनी, रेजिमेंट, विधवेचं नाव, अर्जाची तारीख, अर्ज आणि मंजुरीचे क्रमांक, आणि कुठल्या राज्यातून अर्ज केला ते. एवढं हाती आलं की सेवेची फाईल आधी मागवायचं मुख्य कारणच उरत नाही, कारण रेजिमेंट कळलेली असते. कार्डावर "एक्ससी" किंवा "सी" ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर फाईल माजी सैनिक खात्याकडे गेलेली असू शकते, आणि मग अर्ज तिकडे करावा लागतो.

मागवताना आर्काइव्ह्जचे कर्मचारी निवडून देतात तो थोड्या कागदांचा स्वस्त संच घेऊ नका. त्यात तारखा आणि नावं येतील, पण जबान्या आणि पत्रं बाहेर राहण्याची भीती असते. संपूर्ण फाईलच मागा. फाईल फार जाड निघाली किंवा महिनोन्महिने थांबायची तयारी नसेल, तर वॉशिंग्टनमधल्या एखाद्या खासगी संशोधकाला तिचे फोटो काढायला सांगा. आर्काइव्ह्जकडे अशा लोकांची यादी आहे. स्वतः त्या शहरात जाणं होणार असेल तर वाचकाचं कार्ड काढून फाईल समोर मागवता येते आणि फोटो आपले आपण घेता येतात, त्याचे पैसे पडत नाहीत. सेवेची फाईल त्यानंतर, त्याच भेटीत.