जुनी गाडी अमेरिकेतून कॅनडात आणताय? एजंटच्या "काही लागत नाही"वर जाऊ नका

अमेरिकेतून क्लासिक गाडी कॅनडात आणायचा विचार असेल तर हे पूर्ण वाचा, विशेषतः कोणी एजंट सांगत असेल की "15 वर्षांवरची गाडी आहे, काही लागत नाही, सगळं मी बघतो". आम्हाला नेमकं याच वाक्यावर गंडवलंय.

गोम अशी आहे की ते वाक्य अर्धं खरं आहे. कॅनडाच्या बाजूने 15 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला आरआयव्हीची (बाहेरून आणलेल्या गाड्यांची कॅनडातली सरकारी नोंदणी-तपासणी) भानगड नसते, बॉर्डरवर फॉर्म 1 (गाडी आयातीचा फॉर्म) भरा, टॅक्स भरा, झालं. पण ही सूट कॅनडाची. गाडी आधी अमेरिकेच्या बाहेर काढायची असते, आणि तिथे गाडी 1967 ची असो नाहीतर 2017 ची, ओरिजिनल टायटल (गाडीच्या मालकीचा सरकारी कागद) किंवा त्याची प्रमाणित प्रत अमेरिकन कस्टम्सला दाखवावीच लागते, कागद निदान 72 तास आधी त्यांच्याकडे पोचवावे लागतात आणि एईएस या अमेरिकन सरकारच्या एक्स्पोर्ट नोंदणीच्या सिस्टीममध्ये फाईल करून आयटीएन, म्हणजे त्या फायलिंगचा नंबर, घ्यावा लागतो. आपण कॅनडात राहणारे, त्यामुळे हे फायलिंग शक्यतो तिकडच्या एजंटकडूनच करून घ्यावं लागतं, आणि असले लोक बरोबर तिथेच गळ टाकून बसलेत.

आमची गाडी 1967 ची मस्टँग, ओहायोतल्या एका आजोबांकडची. अत्यंत सरळ माणूस. टायटलवरची सही नोटरीसमोर करायला स्वतः गेले (ओहायोत ते लागतंच), व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून टॉर्च मारून ड्रायव्हर साईडच्या फेंडर एप्रनवर (बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावर) ठोकलेला गाडीचा नंबर दाखवला, तो आणि टायटलवरचा तंतोतंत एक. हे जरूर करा, कारण 17 आकडी व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) 1981 पासूनचा, त्याआधीच्या गाड्यांचे ऑनलाइन हिस्टरी रिपोर्ट जवळपास रिकामे येतात. म्हणजे गाडीत खोट नव्हती. खोट एजंटात.

त्याने ट्रक, एक्स्पोर्टचे कागद, कॅनडाचं क्लिअरन्स असं सगळं मिळून पॅकेज सांगितलं, पैसे वायर ट्रान्सफरने आगाऊ घेतले आणि "कस्टम्सला द्यायला लागतं" म्हणून ओरिजिनल टायटल आजोबांकडून थेट स्वतःच्या पत्त्यावर कुरियरने मागवलं. फोनवर इतका गोड, भाईसाब भाईसाब, आमच्या मिसिसागातल्या (टोरंटोजवळचं शहर) ओळखीतल्या दोनचार नावांचे दाखले देऊन बोलायचा. गाडी सीमेवरच्या बफेलो शहराजवळच्या एका यार्डात आली, त्याने आयटीएन पाठवला, म्हणाला टायटल कस्टम्सला दिलंय, 72 तास झालेत, जाऊन गाडी घेऊन या.

बफेलोहून कॅनडात येणाऱ्या पीस ब्रिज या पुलाजवळ अमेरिकन कस्टम्सच्या एक्स्पोर्ट काउंटरवर ऑफिसरने सिस्टीममध्ये बघितलं आणि कागद माझ्याकडे फिरवून नंबरवर बोट ठेवलं. आयटीएनची सुरुवात एक्सने होते, पुढे 14 आकडे, त्यातले पहिले 8 म्हणजे सरळ फायलिंगची तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आमच्या कागदावरची तारीख आम्ही गाडी विकत घेतली त्याच्या कितीतरी महिने आधीची होती! दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा नंबर आम्हाला चिकटवलेला. आणि टायटल? ते त्यांच्याकडे पोचलंच नव्हतं.

त्यानंतर त्या माणसाचा सूरच बदलला. री-फायलिंगचे पैसे, स्टोरेजचे पैसे, कसलीशी पेनल्टी, आणि "पैसे आले की टायटल पाठवतो". टायटल ओलीस, सरळ सरळ. इकडे यार्डाचं भाडं रोज चढतंय. त्यात त्याने बनवलेल्या कागदांमध्ये एक बिल ऑफ सेल (विक्रीची पावती) सापडलं, माझ्या नावाने, किंमत खऱ्याच्या निम्म्याहून कमी, "टॅक्स वाचेल" म्हणे. ते कॅनडाच्या कस्टम्सला दिलं असतं आणि पकडलं गेलं असतं तर गाडी जप्त, आणि नाव माझं, त्याचं कुठेच नाही. याचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

त्याला पुढे एक डॉलरही दिला नाही. आजोबा त्यांच्या काउंटीच्या टायटल ऑफिसात गेले, डुप्लिकेट टायटल काढलं, पुन्हा नोटरी, आणि या वेळी कुरियर आमच्या हातात. एवढ्या वयात त्यांनी आमच्यासाठी हे केलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. दुसऱ्या लायसन्सवाल्या एजंटकडून फक्त एईएस करून घेतलं, नंबरातली तारीख तपासली, कागद वेळेत दिले, गाडी आली. खऱ्या किमतीवर 5 टक्के जीएसटी बॉर्डरवर, ओंटारियो प्रांताचा 8 टक्के टॅक्स रजिस्ट्रेशनला. ही कोविडच्या आधीची गोष्ट आहे, ड्युटीचे नियम त्यानंतर बदललेत, तेव्हा आजचे आकडे सीबीएसएला (कॅनडाच्या कस्टम्सला) विचारा.

पहिल्या एजंटचे पैसे गेले ते गेलेच, वायर सहसा परत येत नाही. एफबीआयच्या आयसी3 या ऑनलाइन तक्रार केंद्रावर आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार केलीय.

तुम्ही ट्रकवाला किंवा ट्रान्सपोर्ट ब्रोकर ठरवत असाल तर त्याचा सरकारी नोंदणी नंबर (यूएसडॉट किंवा एमसी) मागा आणि एफएमसीएसएच्या (ट्रक वाहतुकीवर नजर ठेवणारं अमेरिकन सरकारी खातं) साईटवर टाकून बघा, फुकट आहे. टायटल एजंटच्या पत्त्यावर जाऊ देऊ नका, तुमच्याकडेच मागवा. आणि ज्या पुलावरून येणार तिथल्या अमेरिकन एक्स्पोर्ट ऑफिसला आधी स्वतः फोन करा, प्रत्येक ठिकाणची वेळ आणि कागद द्यायची पद्धत वेगळी असते, वीकेंडला बऱ्याच ठिकाणी बंदच असतं.